काच धुण्याचे पाणी आणि छातीचा आजार

ज्याच्या धंद्याला गाडी लागते, तो त्या गाडीत काय काय ओततो याचा हिशेब ठेवतो. डिझेल किती गेले, इंजिन ऑइल कधी बदलले, ब्रेक ऑइल, रेडिएटरचे कूलंट, बॅटरीचे पाणी, सगळे त्याला तोंडपाठ असते. एका टाकीचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही. ती म्हणजे पुढची काच धुण्यासाठी बॉनेटखाली बसवलेली प्लॅस्टिकची टाकी. तिच्यात साधारण दोन ते पाच लिटर पाणी मावते. नळाचे, बोअरचे, टँकरचे, जे हाताशी असेल ते पाणी त्यात ओतले जाते. पावसाळा संपला की काचेवर चिखल उडत नाही, वॉशरचे बटन क्वचितच दाबले जाते आणि तेच पाणी महिनोन्‌महिने टाकीत पडून राहते.

या पाण्यात आजार पसरवणारे जंतू वाढू शकतात काय? हा प्रश्न ऐकून पुष्कळांना हसू येईल. काच धुण्याचे पाणी कोण पितो, असेही कोणी म्हणेल. पण विलायतेत आणि अमेरिकेत या प्रश्नावर रीतसर तपास झाला आहे आणि त्याचे उत्तर ‘होय’ असे आले आहे. ज्यांच्या घरी टॅक्सी, टेम्पो, स्कूलबस किंवा मालाची व्हॅन आहे, त्यांनी हे समजून घेतले पाहिजे. घाबरण्याचे कारण नाही, कारण इलाज सोपा आणि स्वस्त आहे. पण माहीतच नसेल तर सोपा इलाजही होत नाही.

आजार कोणता?

जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे संमेलन भरले होते. ते एका मोठ्या नामांकित हॉटेलात होते. संमेलन संपवून लोक आपापल्या गावी परतले आणि थोड्याच दिवसांत एकामागून एक तापाने व न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले. संमेलनाशी संबंधित १८२ जण आजारी पडले आणि त्यांतील २९ जण दगावले. कारण कोणालाच कळेना. विषबाधेचा संशय आला, घातपाताचाही आला. शेवटी जानेवारी १९७७ मध्ये अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण केंद्रातील जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड या शास्त्रज्ञांनी त्यामागचा जीवाणू शोधून काढला. लीजनच्या लोकांना झाला म्हणून आजाराचे नाव ‘लीजनेअर्स डिसीज’ पडले आणि जीवाणूचे नाव ‘लेजिओनेला’.

हा जीवाणू काही नवा जन्मलेला नव्हता. नदी, तलाव, ओली माती यांत तो पूर्वीपासून थोड्या प्रमाणात असतोच आणि तेथे तो सहसा कोणाचे नुकसान करत नाही. माणसाने पाणी टाकीत, नळीत, यंत्रात साठवायला सुरुवात केली तेव्हा त्याला राहायला चांगली जागा मिळाली. त्याला तीन गोष्टी लागतात. एक, न हलणारे साठलेले पाणी. दोन, कोमट उष्णता. वीस ते पंचेचाळीस अंश सेल्सिअसच्या दरम्यान तो वाढतो, त्यापेक्षा थंड पाण्यात सुस्त पडून राहतो आणि साठ अंशांच्या वर फार काळ टिकत नाही. तीन, टाकीच्या आतल्या बाजूला धरणारे बुळबुळीत शेवाळासारखे थर. या थरात डोळ्यांना न दिसणारे अमीबा असतात. लेजिओनेला त्यांच्या पोटात शिरून तेथेच वाढतो, आणि औषधांपासून त्याचा बचावही होतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. पटकी किंवा विषमज्वर दूषित पाणी पोटात गेल्याने होतो. या आजाराची वाट वेगळी आहे. लेजिओनेला श्वासावाटे छातीत जातो. पाण्याचे अगदी बारीक तुषार हवेत उडाले आणि त्या तुषारांत हा जीवाणू असला, तर श्वासाबरोबर तो फुफ्फुसात खोलवर पोचतो. मोठे थेंब नाकाघशातच अडकतात. एका मिलिमीटरचे दोनशे भाग केले तर त्यातील एका भागाएवढा किंवा त्याहून लहान असलेला तुषार मात्र थेट आत उतरतो. म्हणून पाणी दिसायला किती स्वच्छ आहे यापेक्षा ते उडते कसे आणि ते कोणाच्या श्वासात जाते, हे पाहावे लागते. हा आजार एका माणसापासून दुसऱ्याला सहसा लागत नाही.

विलायतेतला तपास

इंग्लंड आणि वेल्समध्ये या आजाराचे रोगी दरवर्षी सापडतात. काही रोगी परदेशी प्रवासातून आजार घेऊन येतात, काहींचा संबंध एखाद्या मोठ्या इमारतीच्या पाण्याशी लागतो. पण पुष्कळ रोगी असे असतात की त्यांना जंतू कोठून लागला याचा पत्ताच लागत नाही. तेथील सरकारच्या हेल्थ प्रोटेक्शन एजन्सी या तेव्हाच्या आरोग्य खात्याला दिसून आले होते की ज्यांचा पोटापाण्याचा धंदाच गाडी चालवण्याचा आहे, अशा लोकांना हा आजार इतरांच्या पाच पट होत आहे. असे का व्हावे?

तेव्हा त्यांनी रोगी आणि निरोगी अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना तपशीलवार प्रश्न विचारले. ७५ रोगी आणि त्यांच्याशी तुलना करण्यासाठी ६७ निरोगी माणसे घेतली. किती गाडी चालवता, कोणती गाडी चालवता, खिडकी उघडी ठेवता काय, औद्योगिक भागातून जाता काय, काच धुण्याच्या टाकीत काय घालता, असे प्रश्न होते. सन २०१० मध्ये या तपासाचा निकाल जाहीर झाला. व्हॅन चालवणे किंवा तिच्यात बसणे, औद्योगिक भागातून गाडी नेणे, गाडीत उघड्या खिडकीजवळ बसणे, या सगळ्यांचा आजाराशी काही ना काही संबंध दिसला. पण सर्वांत ठळक संबंध दिसला तो काचेच्या टाकीत नुसते पाणी घालण्याचा. ज्यांच्या टाकीत पाण्याबरोबर वॉशर लिक्विड मिसळलेले होते, त्यांच्यापेक्षा नुसते पाणी वापरणाऱ्यांना धोका जास्त आढळला. ज्यांच्या आजाराचे मूळ सापडत नाही, अशा रोग्यांपैकी सुमारे वीस टक्के रोग्यांमागे हे एकच कारण असू शकते, असा अंदाज त्या तपासात मांडला गेला.

त्याच सुमारास काही गाड्यांच्या टाक्यांतील पाण्याचीही तपासणी झाली. ज्या गाड्यांत नुसते पाणी होते, त्यांतील पाचांपैकी एका गाडीत लेजिओनेलाच्या खुणा सापडल्या. ज्या गाड्यांत वॉशर लिक्विड मिसळलेले होते, त्यांतील एकाही गाडीत त्या सापडल्या नाहीत. हा नमुना छोटा होता. शिवाय अशा तपासातून दोन गोष्टींचा संबंध दिसतो, एका गोष्टीनेच दुसरी घडली याचा पक्का पुरावा मिळत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही आरोग्य खात्याचा सल्ला स्पष्ट होता: टाकीत नुसते पाणी घालू नका.

अमेरिकेतल्या स्कूलबस

यानंतर अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात काम झाले. ॲरिझोना वाळवंटी मुलूख आहे. उन्हाळा कडक असतो, म्हणजे हवामानाच्या दृष्टीने तो विलायतेपेक्षा आपल्याला जवळचा. तेथील राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राथमिक शाळांच्या बसगाड्यांमधील काच धुण्याचा द्रव तपासला. २०१४ मध्ये त्यांनी सांगितले की सुमारे तीन चतुर्थांश नमुन्यांत जिवंत लेजिओनेला निघाला. प्रयोगशाळेत एका प्रकारच्या वॉशर द्रवात हा जीवाणू चौदा महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याचेही त्यांना दिसले. काचेवर फवारा मारला की त्यातून जीवाणू हवेत येतो, हेही त्यांनी तपासून पाहिले.

यातून व्यापाऱ्याने आणखी एक धडा घ्यावा. बाटलीवर ‘वॉशर लिक्विड’ लिहिले आहे आणि आत निळे पाणी आहे, एवढ्यावर काम भागत नाही. जंतूंना आवर घालतो तो त्यातील अल्कोहोलसारखा घटक, आणि तोही पुरेशा प्रमाणात असेल तरच. एका बाटलीत दहा बाटल्या पाणी घालून ‘पुरवठ्याला आणले’ तर रंग राहतो, गुण जातो. निळा रंग ही औषधाची खूण नव्हे.

ड्रायव्हरलाच का?

गाडीची रचना पाहिली म्हणजे हे कोडे सुटते. वॉशरची टाकी पुष्कळ गाड्यांत बॉनेटखाली, इंजिनाच्या शेजारी असते. इंजिन चालू असताना तेथे ऊब असते, गाडी उभी राहिली की ती हळूहळू उतरते. म्हणजे टाकीतले पाणी ना बर्फासारखे थंड, ना उकळते. ते कोमट राहते, आणि जंतूला तेच मानवते. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. आपल्या कोकणातील व इतर भागांतील कितीतरी बांधव आखाती देशांत ड्रायव्हर आहेत, तेथील उन्हाळा तर याहून कडक. अशा ठिकाणी हे पाणी वर्षातले बहुतेक महिने जंतूच्या सोयीच्या उष्णतेतच पडून असते.

दुसरी गोष्ट फवाऱ्याची. वॉशरच्या तोंडाला बारीक छिद्रे असतात. मोटर दाब देते आणि पाणी त्या छिद्रांतून जोराने काचेवर आदळते. त्यातले काही थेंब काचेवर पसरतात आणि काही फुटून बारीक तुषार होतात. आता बाहेरची हवा गाडीत घेण्याची जाळी कोठे असते ते पाहा. बहुतेक मोटारींत ती पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खालीच असते. पंखा चालू असेल तर तेथली हवा आत ओढली जाते. खिडकी उघडी असेल तर तुषार तिकडूनही येतात. आणि या सगळ्याच्या समोर, हातभर अंतरावर ड्रायव्हरचे तोंड असते.

घरची मोटार दिवसातून तासभर चालते. टॅक्सी आणि टेम्पो दहा-बारा तास चालतात. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या मार्गांवर कापडाच्या गाठी आणणारा ड्रायव्हर रस्त्याच्या धुळीमुळे काच किती वेळा धुतो, ते त्याच्याशेजारी बसल्याशिवाय कळत नाही. जितक्या वेळा फवारा, तितक्या वेळा तो श्वास. धोका प्रत्येक वेळी लहान असतो, पण तो रोज घेतला जातो.

कोणाला जपले पाहिजे?

निरोगी तरुण माणसाच्या शरीरात थोडे जंतू गेले तरी शरीर बहुधा त्यांचा बंदोबस्त करते. धोका जास्त आहे तो पन्नाशी ओलांडलेल्यांना, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना, मधुमेह, मूत्रपिंड किंवा छातीचा जुना आजार असलेल्यांना आणि ज्यांना स्टेरॉइडसारखी औषधे चालू आहेत त्यांना. आता आपल्याकडचा टॅक्सी किंवा टेम्पोचा मुरलेला ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणा. पुष्कळदा तो याच यादीत बसतो. पन्नाशी आलेली, विडीची सवय, साखरेचा त्रास. धोका आणि धोक्याचा माणूस एकाच सीटवर बसलेले असतात.

जंतू शरीरात गेल्यापासून साधारण दोन ते दहा दिवसांत, कधी त्याहून थोडे उशिरा, आजार दिसतो. मोठा ताप, थंडी वाजणे, अंग ठणकणे, डोके दुखणे, सुरुवातीला कोरडा खोकला, मग धाप लागणे. काहींना जुलाब होतात, काही रोगी गोंधळल्यासारखे बोलू लागतात. ज्यांना हा आजार होतो, त्यांतील दहांपैकी सुमारे एक रोगी दगावतो. उपचाराला उशीर झाला किंवा रोगी आधीच कमजोर असला तर प्रमाण याहून वाढते.

येथे औषधाची एक गोष्ट सांगणे जरुरीचे आहे. न्यूमोनियावर नेहमी दिली जाणारी पेनिसिलीन, ॲमॉक्सिसिलिन यांसारखी औषधे या जंतूवर चालत नाहीत, कारण तो शरीरातील पेशींच्या आत लपून वाढतो. ॲझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन अशा वेगळ्या गटातील औषधे लागतात. ती कोणाला, किती आणि किती दिवस द्यायची ते डॉक्टरच ठरवतील. मेडिकलच्या दुकानातून स्वतः घेऊन खाण्याची ही औषधे नव्हेत. पण घरच्या लोकांनी एवढे करावे: ताप आणि धाप असलेल्या ड्रायव्हरला दवाखान्यात नेले तर तो दिवसभर गाडी चालवतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. नेहमीच्या औषधाने दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर लेजिओनेलाची तपासणी करता येईल काय, असे अदबीने विचारावे. लघवीच्या तपासणीतूनही या जंतूच्या मुख्य प्रकाराचा पत्ता लागतो. या आजाराची लस नाही, म्हणून वेळेवर ओळख हीच मोठी मदत.

काय करावे?

१. टाकीत नुसते पाणी घालणे बंद करावे. चांगल्या कंपनीचे वॉशर लिक्विड घ्यावे आणि बाटलीवर जे प्रमाण लिहिले असेल त्याच प्रमाणात पाण्यात मिसळावे. जास्त पातळ करू नये.

२. कित्येक महिन्यांचे पाणी टाकीत असेल तर त्यावरच लिक्विड ओतू नये. आधी टाकी रिकामी करावी. मेकॅनिककडून पंपाची नळी सोडवून पाणी खाली काढून घेणे सर्वांत बरे. बटन दाबून सगळे पाणी काचेवर उडवत बसू नये, कारण टाळायचा तो फवाराच आपण हाताने मारतो.

३. नळी तोंडाने ओढून पाणी काढण्याची गॅरेजमधली सवय येथे अगदी वर्ज्य. पाणी ठसका लागून छातीत जाऊ शकते. टाकीत वॉशर लिक्विड असेल तर ते पोटात जाणे विषासारखे आहे.

४. आत बुळबुळीत थर, हिरवट रंग किंवा कुबट वास असेल तर टाकी काढून धुवावी. फवाऱ्याची छिद्रे वारंवार बुजत असतील तर तीही आत थर धरल्याची खूण असू शकते.

५. टाकीचे झाकण घट्ट बसले आहे ना, ते पाहावे. तुटलेल्या झाकणातून धूळ व कचरा आत जातो आणि त्याबरोबर जंतूही.

६. फवारा मारताना खिडकी बंद ठेवावी. गाडीला आतली हवा फिरवण्याची सोय असेल तर तेवढ्यापुरती ती चालू करावी.

७. पाणी उकळून किंवा डिस्टिल्ड वॉटर आणून घातले तरी चालेल, असे काहींना वाटेल. त्याने छिद्रांत क्षार धरणार नाहीत, हा फायदा खरा. पण उकळलेले पाणी टाकीत पडले की पुन्हा साठलेले पाणीच होते. लिक्विड मिसळणे त्यामुळे टळत नाही.

८. भांडी घासण्याचा साबण किंवा शाम्पू घालू नये. फेस होतो, काचेवर पट्टे राहतात, आणि जंतूंना आवर घालण्याचे काम त्यावर सोपवता येत नाही. ब्लीचिंगचे द्रावण किंवा फिनेलही टाकीत ओतू नये. रबर, धातू आणि रंग खराब होतात आणि त्याची वाफ ड्रायव्हरच्या नाकात जाते. रेडिएटरचे कूलंट ही वेगळी वस्तू आहे. ते वॉशरच्या टाकीत कधीही घालू नये.

लिक्विड घेताना

वॉशर लिक्विडच्या काही प्रकारांत मिथेनॉल असते. हे तेच विष आहे ज्याने बनावट दारूत माणसे आंधळी होतात आणि मरतात. याच कारणाने युरोपियन युनियनने २०१८ मध्ये नियम करून सामान्य ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या काच धुण्याच्या द्रवात मिथेनॉलचे प्रमाण ०.६ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचे बंधन घातले. आपणही बाटलीवरील मजकूर वाचून शक्यतो मिथेनॉल नसलेले लिक्विड घ्यावे. कोणतेही लिक्विड असो, ते पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये. निळा, गुलाबी रंग पाहून लहान मूल ते तोंडाला लावते.

आपल्या वाचकांतून एक शंका हमखास येणार. अल्कोहोल असलेली वस्तू गाडीत वापरावी काय, कपड्यावर शिंतोडा पडला तर नमाजचे काय? मी मुफ्ती नाही, म्हणून मसला सांगणार नाही. हनफी असोत वा कोकणातील शाफई, प्रत्येकाने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. विचारताना वस्तूची खरी माहिती त्यांच्यासमोर ठेवावी, एवढीच सूचना. अशा लिक्विडमधील आयसोप्रोपिल अल्कोहोल पिण्याची दारू नसते. ते द्राक्षापासून किंवा खजुरापासून काढलेले नसून सामान्यतः पेट्रोलियमपासून निघणाऱ्या वायूपासून कारखान्यात तयार होते. लिक्विडात इथेनॉल असेल तर तेही सांगावे. पूर्ण माहिती दिली म्हणजे जवाबही नेमका मिळतो.

पाण्याच्या इतर जागा

हा जंतू फक्त मोटारीत राहतो असे नाही. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनाचे कूलिंग टॉवर ही त्याची सर्वांत बदनाम जागा. इंग्लंडमधील बॅरो-इन-फर्नेस या गावी २००२ मध्ये नगरपालिकेच्या कलाकेंद्रातील वातानुकूलन यंत्रणेतून हा जंतू रस्त्यावर पसरला आणि सात जण दगावले. पाण्यावर औषधप्रक्रिया करण्याचे काम देखभालीच्या करारातून गळले होते, असे पुढे निघाले. नेदरलँड्समध्ये १९९९ साली फुलांच्या एका मोठ्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडलेल्या, बुडबुडे सोडणाऱ्या गरम पाण्याच्या टबातून तो पसरला. शंभराहून अधिक लोक आजारी पडले आणि वीसहून अधिक मेले. ते लोक टबात उतरलेही नव्हते, नुसते स्टॉलजवळून गेले होते. प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांनी कारंजी वगैरे मांडताना हे ध्यानात ठेवावे.

आमच्या कापडाच्या धंद्यात सुताला दमटपणा लागतो. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून गिरण्यांत आणि काही शेडमध्ये पाण्याचे तुषार सोडतात. तेथे टाकी, पंप आणि नोझल साफ ठेवणे हा सुताच्या दर्जाचाच प्रश्न नाही. त्या शेडमध्ये कारागीर पाळी भरून श्वास घेत असतो. जुने पाणी फिरवत राहू नये, टाकीत शेवाळ धरू देऊ नये, यंत्र बरेच दिवस बंद असेल तर सुरू करण्यापूर्वी पाणी काढून टाकावे. नियम तोच: साठलेले, कोमट आणि उडणारे पाणी म्हटले की सावध.

मालकाची जबाबदारी

ज्याची स्वतःची गाडी आहे आणि जो स्वतःच चालवतो, त्याचा मामला त्याच्या हातात आहे. पण पुष्कळ वाचकांच्या गाड्या पगारी ड्रायव्हर चालवतात. टाकीत काय घालायचे याचा निर्णय अशा वेळी ड्रायव्हर घेत नाही. मालक लिक्विडचे पैसे देत नाही म्हणून तो नळाखाली बाटली धरतो. मालाची एक गाठ भिजली तर आपण त्याला जाब विचारतो. त्याच्या छातीची हिफाजत करणे हीसुद्धा आपल्याकडची अमानत आहे. पगारी माणूस महिनाभर अंथरुणावर पडला तर त्याच्या घरची चूल विझते, आणि आपली गाडीही उभी राहते. हिशेबाच्या वहीत बघितले तरी वॉशर लिक्विडची बाटली हा गाडीच्या खर्चातला सर्वांत लहान आकडा निघेल.

गॅरेज चालवणाऱ्या आणि मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान असणाऱ्या बांधवांनाही यात काम आहे. सर्व्हिसिंगच्या यादीत एक ओळ वाढवा: वॉशरची टाकी रिकामी करून, धुऊन, योग्य प्रमाणात लिक्विड भरणे. गिऱ्हाइकाला कारण समजावून सांगा. तो नाराज होणार नाही, उलट पुन्हा येईल. मात्र लिक्विड विकायचे तर गुणाचे विका. रंगीत पाणी बाटलीत भरून विकणे म्हणजे मापात मारणेच आहे, आणि येथे मापाबरोबर माणसाचा श्वासही जातो.

साठलेल्या पाण्यात घाण करू नये, पाण्याची भांडी झाकून ठेवावीत, ही तालीम आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. गाडीतली टाकी हेही पाण्याचे एक भांडेच आहे. या जुम्म्याला नमाजनंतर थोडा वेळ काढून आपल्या गाडीचे बॉनेट उघडा, टाकीचे झाकण काढून आत पाहा आणि वास घ्यायचा तर जरा दुरूनच घ्या. पाणी जुने असेल तर पुढची फेरी निघण्याआधी बदलून टाका. इन्शाअल्लाह, एवढ्या एहतियातीने आपला आणि आपल्या माणसांचा एक मोठा धोका टळेल.